व्हेनिस : नगरदर्शनाचा इतिहास

व्हेनिस : (इटालियन व्हेनेत्सिआ). इटलीच्या ईशान्य भागातील कालव्यांचे इतिहासप्रसिद्ध शहर, व्हेनेतो विभागाची राजधानी व ॲड्रिॲटिक समुद्राच्या शिरोभागी असलेले बंदर. सु. ५५० चौ. किमी. क्षेत्राच्या एका उथळ खारकच्छात, मुख्य भूमीपासून सु. ४ किमी. अंतरावरील ११८ लहान बेटांवर जुने शहर वसले आहे. दीडशेहून अधिक कालवे आणि चारशेहून अधिक पूल यांनी ही बेटे परस्परांपासून अलग केली आहेत व जोडलीही आहेत. जुन्या शहराची लोकसंख्या १९५१ मध्ये सु. १,७५,००० होती, २०२२ मध्ये ती ५०,००० च्या खाली गेली. वर्षाकाठी येणाऱ्या प्रवाशांची संख्या मात्र दोन कोटींच्या वर असल्याचे अंदाज आहेत. केवळ पाहण्यासाठी या शहरी येण्याची प्रथा अलीकडची नाही. ती किमान सहा शतकांची आहे आणि तिचा आरंभ खुद्द व्हेनिसच्या शासनाच्या उत्तेजनानेच झाला. या नगरदर्शनाचा इतिहास येथे मुख्यत्वे पाहावयाचा असून राजकीय घडामोडींचा परामर्श त्यास आवश्यक तेवढाच घेतला आहे.

घडण : शहराची स्थापना २५ मार्च ४२१ रोजी झाली, ही परंपरागत समजूत आहे, तीस आधार नाही. हूणांच्या व पुढे ५६८ नंतर लाँबर्डांच्या स्वाऱ्यांमुळे अक्विलेया व इतर रोमन नगरांतील लोक खारकच्छातील बेटांवर आश्रयास आले. तेथे त्यापूर्वीही मिठागरे व मासेमारी यांवर जगणारी वस्ती होती, हे कॅसिओडोरसच्या सहाव्या शतकातील एका पत्रावरून दिसते. टॉर्चेलो बेटावरील कॅथीड्रल ६३९ मध्ये स्थापन झाले. ८१० च्या सुमारास फ्रँकांच्या स्वारीनंतर राजधानी मालामॉकोहून आतील, अधिक सुरक्षित अशा रिआल्तो बेटसमूहावर आली. हेच आजचे व्हेनिस.

चिखलावर दगडी शहर कसे उभे राहिले, हा प्रश्न प्रत्येक प्रेक्षकाच्या मनात येतो. मृदू गाळातून खाली घट्ट मातीच्या थरापर्यंत ओक, लार्च, आल्डर इ. वृक्षांचे खुंट दाटीने ठोकीत; त्यांवर फळ्यांचे आडवे थर घालून वर इस्ट्रियाहून आणलेला, खाऱ्या पाण्यास दाद न देणारा पांढरा चुनखडक रचीत. चिखलात प्राणवायूचा अभाव असल्याने बुडालेले लाकूड सहसा कुजत नाही. सांता मारिआ देल्ला सालूते या एका चर्चच्या पायात दहा लाखांहून अधिक खुंट आहेत, असे सांगितले जाते. भिंती विटांच्या व शक्य तितक्या हलक्या ठेवीत. भारदस्त वाटणारे संगमरवर हे बहुधा त्यांवरील पातळ आवरण असते.

याहून कठीण प्रश्न गोड्या पाण्याचा होता. चोहोंकडे पाणी, पण पिण्याजोगे नाही. म्हणून प्रत्येक चौकाखाली (काम्पो) मोठा खड्डा खणून त्यास चिकणमातीचे अस्तर देत, तो वाळूने भरीत व मध्यभागी विटांची उभी नळी ठेवीत. चौकातील फरसबंदीच्या दगडी जाळ्यांतून पावसाचे पाणी आत उतरे, वाळूतून गाळले जाऊन नळीत साचे आणि ते बादलीने शेंदून घेत. या विहिरींची कोरीव दगडी कठडेवजा तोंडे आज शहरभर दिसतात. प्रवासी त्यांवर टेकून छायाचित्रे घेतात. पण चौकाचा सारा उतार त्या तोंडाच्या सोयीने काढलेला आहे, ही गोष्ट क्वचितच लक्षात घेतली जाते. अवर्षणात ब्रेंता नदीचे पाणी नावांनी आणावे लागे. १८८४ मध्ये नळाचे पाणी आल्यावर विहिरी बंद झाल्या.

खारकच्छ स्वभावतः टिकाऊ नसते. नद्यांच्या गाळाने ते भरून तरी येते किंवा समुद्र ते गिळतो. व्हेनिसने दोन्ही शक्यतांशी झुंज दिली. १५०१ मध्ये जलव्यवस्थेसाठी स्वतंत्र अधिकारी नेमण्यात आले आणि पुढील दोन शतकांत ब्रेंता, सीले, प्याव्हे इ. नद्यांचे प्रवाह वळवून खारकच्छाबाहेर काढून देण्यात आले. समुद्राच्या बाजूस मुरात्सी या नावाचे प्रचंड दगडी तट १७४४–८२ या काळात बांधले गेले. तेव्हा पाहुण्यास जे निसर्गरम्य वाटते, ते खारकच्छसुद्धा बऱ्याच अंशी मानवी कर्तृत्व आहे. या शहराचे खरे स्मारक कोणते, असा प्रश्न विचारला, तर प्रस्तुत लेखक कोणत्याही प्रासादापूर्वी या वळवलेल्या नद्यांचे नाव घेईल.

गणराज्य व त्याचे वैभव : डोज हा आजन्म निवडलेला प्रमुख असलेले येथील गणराज्य प्रत्यक्षात व्यापारी उमरावांची सत्ता होती, १२९७ च्या कायद्याने महामंडळाचे सभासदत्व काही घराण्यांपुरते मर्यादित झाले. ८२८ मध्ये दोन व्यापाऱ्यांनी ॲलेक्झांड्रियाहून सेंट मार्कचे अवशेष पळवून आणले आणि पंख असलेला सिंह हे राज्याचे चिन्ह झाले. आजचे सेंट मार्क चर्च १०६३ मध्ये सुरू होऊन १०९४ मध्ये समर्पित झाले. त्याची बायझंटिन घडण, सोनेरी पार्श्वभूमीची कुट्टिमचित्रे आणि दर्शनी भागावरील चार ब्राँझचे अश्व व्हेनिसचे तोंड पूर्वेकडे होते हे सांगतात. यांतील अश्व ही १२०४ च्या चौथ्या धर्मयुद्धात कॉन्स्टँटिनोपलमध्ये केलेल्या लुटीचा भाग होत. मुसलमानांविरुद्ध निघालेल्या सैन्याने एक ख्रिस्ती राजधानी लुटली, आणि या लुटीतील सिंहाचा वाटा व्हेनिसला मिळाला. आर्सेनल या सरकारी नौकाबांधणी कारखान्यात एकाच ठराविक आराखड्याची गलबते झपाट्याने सिद्ध होत. जेनोआशी शतकभर चाललेला झगडा किओज्जाच्या युद्धात (१३७८–८१) व्हेनिसच्या बाजूने निकालात निघाला आणि मिरी, रेशीम, साखर व कापूस यांच्या भूमध्य समुद्रातील व्यापारावर त्याचे वर्चस्व प्रस्थापित झाले.

यात्रेकरूंचे व्हेनिस : चौदाव्या–पंधराव्या शतकांत जेरूसलेमला जाणाऱ्या पश्चिम यूरोपीय यात्रेकरूंचे व्हेनिस हे नेहमीचे बंदर बनले. येथून जाफापर्यंत यात्रेकरूंची गलबते ठराविक हंगामात सुटत. गलबताचा मालक व यात्रेकरू यांच्यात लेखी करार होई; त्यात प्रवासभाडे, दोन वेळचे जेवण, पवित्र भूमीतील जकाती आणि गाढवांचे भाडे या सर्वांचा अंतर्भाव असे, आणि तक्रार आल्यास सरकारी अधिकारी तिचा निवाडा करीत. आजच्या एकत्रित सहलींचा हा पूर्वावतार मानावयास हरकत नाही. परदेशी यात्रेकरूंस मुक्काम शोधून देणे, नाणी बदलून देणे, सामानाच्या खरेदीत मदत करणे आणि दुभाष्याचे काम करणे, यांसाठी शासनाने तोलोमात्सी नावाचे वाटाडे सेंट मार्क चौकात व रिआल्तो येथे ठेवले होते. त्यांच्या वर्तनाविषयी व मोबदल्याविषयी नियम होते. असे नियम पुन्हा पुन्हा करावे लागले, यावरून ते किती पाळले जात असतील याची कल्पना येते.

गलबत सुटेपर्यंत यात्रेकरूंना कित्येक आठवडे थांबावे लागे. हा रिकामा काळ म्हणजेच व्हेनिसच्या नगरदर्शनाचा उगम होय. संतांचे अवशेष असलेली चर्चे, आर्सेनल, मुरानो बेटावरील काचेच्या भट्ट्या, डोजचा प्रासाद व रिआल्तोची बाजारपेठ असा क्रम हळूहळू ठरून गेला. कॉर्पस क्रिस्ती सणाच्या मिरवणुकीत यात्रेकरूंना उमरावांच्या बरोबरीने चालण्याचा मान मिळे. गणराज्याचे वैभव देशोदेशी वर्णिले जावे, हा त्यामागील हेतू उघड होता व तो सफलही झाला. उल्मचा डोमिनिकन भिक्षू फेलिक्स फाब्री (१४८० व १४८३ च्या यात्रा) आणि माइन्त्सचा धर्माधिकारी ब्रायडेनबाख यांनी विस्तृत वृत्तांत लिहिले. ब्रायडेनबाखच्या १४८६ मध्ये छापलेल्या ग्रंथात एर्हार्ट रॉयविख याने काढलेले व्हेनिसचे दीड मी. हून लांब, घडी घालून बांधलेले काष्ठठशाचे चित्र आहे. मिलानचा धर्मोपदेशक प्येत्रो काझोला याने १४९४ मध्येच अशी कबुली दिली, की या शहराविषयी इतके लिहून व बोलून झाले आहे, की नवीन सांगण्यासारखे काही उरलेले नाही. त्यानंतर चारशे वर्षांनी अमेरिकन कादंबरीकार हेन्री जेम्स याने जवळजवळ हेच म्हटले. दोघांनीही अर्थात त्यानंतर पुष्कळ लिहिले.

मुद्रण व उत्सव : १४६९ मध्ये मुद्रणकला व्हेनिसमध्ये आली आणि अल्दुस मानुशिअस याच्या कारखान्यामुळे हे शहर यूरोपातील ग्रंथनिर्मितीचे अग्रगण्य केंद्र झाले. शहराची प्रतिमाही छापून विकता येते, हे याकोपो दे बार्बारी याच्या १५०० मधील सहा ठशांच्या भव्य विहंगमचित्राने दाखवून दिले. त्यात घरे, पूल, अंगणे व विहिरींची तोंडेसुद्धा ओळखता येतात. फ्रांचेस्को सान्सोव्हीनो याचा शहराच्या सहा विभागांनुसार (सेस्तिएरे) रचलेला ग्रंथ १५८१ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढील मार्गदर्शिकांचा तो आदर्श ठरला. याच काळात शहराचे परिचित रूप घडत होते : सान्सोव्हीनोचा पिता शिल्पज्ञ याकोपो याने १५३७ मध्ये सुरू केलेले ग्रंथालय, आंतोन्यो दा पाँते याचा एकाच कमानीचा रिआल्तो पूल (१५८८–९१), पाल्लाद्योची चर्चे. यांतील रेदेन्तोरे हे १५७५–७७ च्या प्लेगच्या निवारणाप्रीत्यर्थ, तर सालूते हे १६३०–३१ च्या प्लेगनंतर नवस फेडण्यासाठी बांधले गेले. प्लेगसंबंधी एक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे : संशयित जहाजांना चाळीस दिवस अलग ठेवण्याची पद्धत येथे रूढ झाली आणि १४२३ मध्ये एका बेटावर कायमचे प्लेग-रुग्णालय निघाले. ‘क्वारंटीन’ हा शब्द व्हेनिसच्या बोलीतून जगभर गेला. तसाच ‘घेटो’ हाही; १५१६ मध्ये ज्यूंना जुन्या ओतशाळेच्या परिसरात, रात्री दरवाजे बंद होणाऱ्या बेटावर राहण्याची सक्ती करण्यात आली, तिचे हे नाव. या भागातील घरे विस्तारास जागा नसल्याने सात-आठ मजल्यांपर्यंत चढली. आजचा प्रवासी ती उंची कुतूहलाने पाहतो.

प्रेक्षकांसाठी सर्वांत मोठा सोहळा स्वर्गारोहणदिनी होई. डोज बुचिन्तोरो या सोनेरी नौकेतून लीदोपाशी जाई व समुद्रात अंगठी टाकून त्याच्याशी आपला विवाह झाल्याचे घोषित करी. १४९८ मध्ये पोर्तुगीज कालिकतला पोहोचल्यावर हा विवाह उत्तरोत्तर औपचारिक होत गेला. व्हेनिसचा मसाल्याचा व्यापार एकाएकी बुडाला, ही समजूत बरोबर नाही. सोळाव्या शतकाच्या मध्यास तो पुन्हा भरभराटीस आला होता. पण सतराव्या शतकात डच व इंग्रज कंपन्यांपुढे त्याचा टिकाव लागला नाही, सायप्रस (१५७१) व क्रीट (१६६९) तुर्कांकडे गेले, आणि राज्याचा व्याप कमी होत असताना समारंभांचा थाट मात्र वाढला.

भारताशी व विशेषतः महाराष्ट्राशी व्हेनिसचा आलेला संबंध सोन्याच्या रूपाने आजही ओळखता येतो. व्हेनिसचे सोन्याचे डुकाट हे नाणे १२८४ पासून १७९७ पर्यंत वजन व कस यांत फारसा बदल न होता (सु. ३·५ ग्रॅ.) पाडले जात होते. त्याच्या एका बाजूस सेंट मार्कपुढे गुडघे टेकलेला डोज व दुसऱ्या बाजूस उभा ख्रिस्त असे. ही नाणी मसाला व कापड यांच्या मोबदल्यात पश्चिम किनाऱ्यावर येत. मानवी आकृतींमुळे त्यांना मराठीत ‘पुतळी’ हे नाव पडले. सोनारांनी त्यांच्या नकला पाडल्या व पुतळ्यांची माळ हा अलंकार रूढ झाला. एका ख्रिस्ती संताची व डोजची आकृती मराठी स्त्रियांच्या गळ्यात शतकानुशतके मिरवली, हे त्या डोजांना कळले असते तर नवल वाटले असते. व्हेनिसचा रहिवासी निकोलाव मनुची हा मिर्झाराजे जयसिंगाच्या तोफखान्यात असताना १६६५ मध्ये पुरंदरच्या मोहिमेत शिवाजी महाराजांना भेटला होता. पुढे गोव्याच्या व्हाइसरॉयच्या वतीने तो संभाजी महाराजांकडेही गेला. त्याने आपल्या ग्रंथाची हस्तलिखिते व चित्रसंग्रह व्हेनिसच्या सिनेटकडे पाठविले. त्यांतील एक चित्रसंग्रह १७९७ मध्ये फ्रेंचांनी पॅरिसला नेला. उलट दिशेचे उदाहरण इंग्रज प्रवासी टॉमस कोरिअट याचे. १६०८ मध्ये त्याने व्हेनिसमध्ये सहा आठवडे घालवून अत्यंत चौकस वृत्तांत लिहिला (१६११). पुढे तो बराचसा पायी प्रवास करीत अजमेरला मोगल दरबारी आला व १६१७ मध्ये सुरतेस मरण पावला.

अठरावे शतक : या काळात यूरोपातील, विशेषतः इंग्लंडमधील श्रीमंत तरुणांच्या शिक्षणसमाप्तीच्या दीर्घ प्रवासात व्हेनिस हा आवश्यक मुक्काम होता. येणारा आता यात्रेकरू नव्हता. तो गायन, जुगार व मुखवट्याआडची मोकळीक यांसाठी येई. जगातील पहिले सार्वजनिक संगीतिकागृह येथेच १६३७ मध्ये उघडले होते. शासकीय परवान्याचे जुगारगृह (रिदोत्तो) १६३८ ते १७७४ पर्यंत चालले. कार्निव्हलचा हंगाम लांबत जाऊन वर्षातील कित्येक महिने व्यापू लागला. या पाहुण्यांना सोबत नेण्यासाठी आठवण हवी असे, ती कानालेत्तो (१६९७–१७६८) या चित्रकाराने पुरविली. त्याची नगरदृश्ये बव्हंशी इंग्रज गिऱ्हाइकांकरिता काढलेली असून जोसेफ स्मिथ हा व्यापारी व पुढे वकील त्याचा मध्यस्थ होता. स्मिथचा संग्रह १७६२ मध्ये इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याने विकत घेतला, त्यामुळे कानालेत्तोच्या उत्तम चित्रांसाठी आजही इंग्लंडला जावे लागते. ऑस्ट्रियन वारसायुद्धामुळे (१७४०–४८) इंग्रज प्रवासी येईनासे झाले, तेव्हा १७४६ मध्ये चित्रकारालाच लंडन गाठावे लागले. प्रवाशांवर विसंबलेला धंदा किती परावलंबी असतो, याचा हा आरंभीचा धडा होता. व्हेनिसने तो तेव्हा घेतला नाही.

गोंडोला या नौकेचे आजचे रूप याच सुमारास सिद्ध होत आले. सु. ११ मी. लांबीची ही सपाट तळाची नाव मुद्दाम एका बाजूस कललेली बांधतात. तिची डावी बाजू अधिक रुंद असते, त्यामुळे उजवीकडील एकाच वल्ह्याने ती सरळ चालते. डामडौलास आळा घालणाऱ्या सोळाव्या शतकातील नियमांनी तिला काळा रंग दिला. ती त्या काळी घरोघरची गाडी होती. आज चारशेंच्या आसपास परवानाधारक नावाडी तिच्यावर उपजीविका करतात व ते जवळजवळ सर्वस्वी प्रवाशांना फिरवतात.

पतन व नवी दृष्टी : १२ मे १७९७ रोजी नेपोलियनच्या धाकाने महामंडळाने स्वतःच्याच विसर्जनास संमती दिली. लुदोव्हीको मानीन हा शेवटचा डोज होय. फ्रेंच सैनिकांनी बुचिन्तोरो सोन्यासाठी जाळली, ब्राँझचे अश्व पॅरिसला नेले (ते १८१५ मध्ये परत आले, मूळ अश्व आता चर्चच्या आत असून बाहेर प्रतिकृती आहेत), मठ व चर्चे बंद केली. त्याच वर्षाच्या अखेरीस शहर ऑस्ट्रियाला देऊन टाकण्यात आले. १८०५–१४ मधील पुन्हा फ्रेंच, मग ऑस्ट्रियन अंमल, दानिएले मानीन याच्या नेतृत्वाखालील १८४८–४९ चे अल्पजीवी प्रजासत्ताक आणि १८६६ मध्ये इटलीत विलीनीकरण हे पुढील टप्पे.

सत्ता गेल्यावर व्हेनिस हे अवशेष म्हणून पाहिले जाऊ लागले. बायरन (१८१६–१९ वास्तव्य) व त्याचे समकालीन यांना जिवंत शहरापेक्षा त्याचे ओसाडपण अधिक भावले. टर्नरच्या चित्रांत प्रासाद धुक्यात विरघळतात. येथील रहिवासी दारिद्र्यात असताना पाहुण्यांनी त्यांच्या पडक्या भिंतींत काव्य पाहावे, यात जो विसंवाद आहे, तो तेव्हापासून आजवर कायम आहे. जॉन रस्किन याची दृष्टी निराळी होती. १८४९–५० व १८५१–५२ च्या हिवाळ्यांत शिड्या लावून त्याने कमानी, स्तंभशीर्षे व कोपरे मोजले, रेखाटले व त्यांची डॅगेरोटाइप छायाचित्रे जमविली. त्यातून द स्टोन्स ऑफ व्हेनिस (३ खंड, १८५१–५३) हा ग्रंथ सिद्ध झाला. गॉथिक शिल्प म्हणजे सदाचार व प्रबोधनकालीन शिल्प म्हणजे अधोगती, हे त्याचे समीकरण आज कोणी मान्य करणार नाही. परंतु दगड बारकाईने पाहण्याची जी सवय त्याने लावली, तिच्यामुळे शहराचे रक्षण झाले. सेंट मार्क चर्चच्या दक्षिण बाजूचे ‘जीर्णोद्धार’ करताना जुने संगमरवर खरवडून काढले जात होते. त्याविरुद्ध आल्व्हीझे झोर्झी याने १८७७ मध्ये पुस्तिका लिहिली, रस्किनने तीस प्रस्तावना जोडली आणि १८७९ मध्ये विल्यम मॉरिसने इंग्लंडात चळवळ केली. परिणामी जीर्णोद्धाराचे धोरण बदलावे लागले.

आगगाडीचे युग : जानेवारी १८४६ मध्ये खारकच्छावरील २२२ कमानींचा लोहमार्ग पूल खुला झाला आणि व्हेनिस हे बेट राहिले नाही. त्यापूर्वीचा प्रवासी समुद्रमार्गे सेंट मार्कच्या दोन स्तंभांमधून शहरात पाऊल ठेवी. प्रासादांचे दर्शनी भाग, सभागृहे व मुख्य दरवाजे पाण्याकडे तोंड करून आहेत, ते याचसाठी. आगगाडीने, आणि १९३३ च्या रस्त्याच्या पुलानंतर मोटारीने येणारा मागील दाराने प्रवेश करतो. आजही शहर समजून घ्यावयाचे असेल, तर निदान एकदा सु. ३·८ किमी. लांबीच्या, उलट्या ‘एस’ अक्षराच्या आकाराच्या ग्रँड कॅनलमधून, नावेच्या पुढील भागात बसून जावे.

मरेची उत्तर इटलीची मार्गदर्शिका १८४२ मध्ये निघाली होती. टॉमस कुकने १८६४ पासून इटलीच्या सहली काढल्या. १८८१ मध्ये ग्रँड कॅनलवर वाफेच्या प्रवासी नौका (व्हापोरेत्तो) सुरू झाल्या, तेव्हा गोंडोलावाल्यांनी संप केला; तो फसला. लीदो बेटावर समुद्रस्नानगृहे व नंतर भव्य हॉटेले झाली. १८९५ मध्ये आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शन (बिएनाले) व १९३२ मध्ये चित्रपट महोत्सव सुरू झाला. १४ जुलै १९०२ रोजी सेंट मार्क चौकातील सु. ९९ मी. उंचीचा घंटामनोरा अकस्मात कोसळला. मनुष्यहानी झाली नाही. ‘होता तसा, होता तेथे’ या निर्धाराने तो १९१२ मध्ये पुन्हा उभा राहिला. आज प्रवासी ज्या मनोऱ्यावर उद्‌वाहकाने चढतात, तो विसाव्या शतकातील आहे.

पूर व उपाय : १९१७ पासून मुख्य भूमीवर मार्गेरा येथे बंदर व कारखाने उभारले गेले. त्यांच्यासाठी केलेल्या भूजलाच्या उपशाने जमीन खचू लागली. १९७० नंतरच्या दशकात हा उपसा थांबविण्यात आला. भूमी खचणे व समुद्र चढणे यांमुळे विसाव्या शतकात पाण्याची सापेक्ष पातळी सु. २३ सेंमी. वाढली. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी उधाण नेहमीच्या मापनपातळीहून १९४ सेंमी. चढले, मुरात्सी तट फुटले आणि सर्व शहर जवळजवळ एक दिवस पाण्याखाली होते. जगभरातून मदत आली, युनेस्कोने मोहीम उघडली, १९७३ मध्ये खास कायदा झाला. या मदतीने चित्रे व चर्चे वाचली. तळमजल्यावरील बिऱ्हाडे मात्र पुष्कळशी परतली नाहीत.

खारकच्छाच्या तीन मुखांशी उभारलेली ‘मोझे’ ही यंत्रणा ७८ पोलादी दारांची आहे. एरवी ही दारे पाण्याने भरलेली, तळाशी आडवी असतात. भरतीचे अनुमान निश्चित मर्यादेपलीकडे गेल्यास त्यांत दाबाखालील हवा सोडतात व ती वर उठतात. काम २००३ मध्ये सुरू झाले, २०१४ मध्ये त्यातील भ्रष्टाचार उघडकीस येऊन नगराध्यक्षासह अनेकांना अटक झाली, १२ नोव्हेंबर २०१९ रोजी १८७ सेंमी. चे उधाण अपुऱ्या कामासमोरून शहरात शिरले, आणि अखेर ३ ऑक्टोबर २०२० रोजी दारे प्रथम प्रत्यक्ष उपयोगात आली. त्या दिवशी चौक कोरडा राहिला. खर्च पाच अब्ज यूरोंच्या वर गेला. समुद्र जसजसा चढेल, तसतशी ती अधिक वेळा मिटावी लागतील. आणि भरती-ओहोटीनेच स्वच्छ राहणारे खारकच्छ वारंवार बंद ठेवणे कितपत परवडेल, याविषयी तज्ञांत मतभेद आहेत.

रहिवासी व प्रेक्षक : पाण्याने शहर रिकामे केले, असे सर्वसामान्यतः समजले जाते, ते अंशतःच खरे आहे. १९५० नंतर मेस्त्रेतील कोरडी, स्वस्त व मोटार दाराशी आणणारी घरे हे पहिले कारण. नंतर विमानप्रवास स्वस्त झाला, घर भाड्याने देण्यापेक्षा प्रवाशांना रात्रीपुरते देणे किफायतशीर ठरले आणि रिआल्तोच्या वाटेवरील वाणी, सुतार व पुस्तकविक्रेते यांच्या जागी मुखवट्यांची दुकाने आली. कार्निव्हल, जो गणराज्याबरोबर संपला होता, तो १९८० च्या सुमारास पुन्हा सुरू करण्यात आला. १५ जुलै १९८९ रोजी सेंट मार्कसमोर तरंगत्या मंचावर पिंक फ्लॉइड या ब्रिटिश वाद्यवृंदाचा जलसा झाला, सु. दोन लाख लोक जमले, स्वच्छतेची व्यवस्था कोलमडली व नगरपालिकेच्या कारभाऱ्यांना राजीनामे द्यावे लागले. रिआल्तोजवळील एका औषधालयाच्या खिडकीत २००८ पासून रहिवाशांचा आकडा झळकतो. २००९ मध्ये तो ६०,००० च्या खाली गेल्यावर नागरिकांनी ग्रँड कॅनलमधून शहराची प्रेतयात्रा काढली. २०२३ मध्ये एका नागरी गटाच्या गणनेनुसार प्रवाशांसाठीच्या खाटांची संख्या रहिवाशांहून अधिक झाली.

व्हेनिस व त्याचे खारकच्छ १९८७ पासून जागतिक वारसा यादीत आहे. धोक्यातील वारशांत त्याचा समावेश करण्याची शिफारस २०२१ व २०२३ मध्ये झाली, पण ती स्वीकारली गेली नाही. २ जून २०१९ रोजी एक अवाढव्य विहारनौका ज्युदेक्का कालव्यात धक्क्यावर व एका लहान नौकेवर आदळली. त्यानंतर १ ऑगस्ट २०२१ पासून २५,००० टनांवरील जहाजांना सेंट मार्कसमोरून जाण्यास बंदी झाली. २०२४ मध्ये वाटाड्यांच्या गटांना २५ जणांची मर्यादा घालून ध्वनिवर्धक वापरण्यास मनाई करण्यात आली. त्याच वर्षी २५ एप्रिलपासून गर्दीच्या २९ दिवशी, मुक्काम न करता केवळ दिवसापुरते येणाऱ्यांकडून ५ यूरो प्रवेशशुल्क घेण्याचा प्रयोग झाला; त्यातून सु. २४ लाख यूरो जमा झाले, गर्दी मात्र लक्षणीय घटली नाही. २०२५ मध्ये हे दिवस ५४ करण्यात आले व आयत्या वेळी नोंदणी करणाऱ्यांसाठी शुल्क १० यूरो झाले. शहरात राहणाऱ्यांना, तेथे जन्मलेल्यांना, कामासाठी येणाऱ्यांना व विद्यार्थ्यांना ते द्यावे लागत नाही. रहिवाशांकडे येणाऱ्या पाहुण्यांना मात्र आपण तसे आहोत, याची नोंद आगाऊ करावी लागते.